जास्वंदीवरचा मिलीबग आणि साबणाचं पाणी: बनवण्यापासून फवारणीपर्यंत

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर, कळीच्या देठाशी पांढरा कापूस दिसू लागला की ‘झाडाला बुरशी लागली’ म्हणून बरेच जण दुकानातून बुरशीनाशक आणतात. त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. एखादी काडी घेऊन तो कापूस हलकेच बाजूला सारून पाहा. आत चपटा, फिकट गुलाबी किंवा पिवळसर, तांदळाच्या कणीएवढा मऊ किडा सापडेल. हा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. सोंड खुपसून तो झाडाचा रस पितो आणि अंगावर मेणाची पांढरी पूड पांघरून बसतो. त्यामुळे शेंडे आखडतात, पानं गोळा होतात, कळ्या न उमलताच गळतात. किड्यांनी टाकलेला गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काजळी धरते. गणपतीच्या तोंडावर जास्वंदीची ही दशा झाली की जीव हळहळतो.

या किडीवर घरच्या घरी करता येणारा, मुलाबाळांच्या घरात वापरता येण्याजोगा उपाय म्हणजे साबणाचं पाणी. मावा, पांढरी माशी, लाल कोळी यांच्यावरही तो चालतो. मात्र तो नीट केला तरच. साबण कसा मारतो हे एकदा लक्षात आलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात, म्हणून आधी तेवढं पाहू.

साबण किड्याच्या पोटात जाऊन विषबाधा करत नाही. द्रावण किड्याच्या अंगावर थेट पडलं, अंग पूर्ण भिजलं, तरच ते अंगावरचं मेण सोडवतं, मऊ त्वचेतल्या पेशींना इजा करतं आणि श्वासाची छिद्रं बंद करतं. पानावरचं द्रावण वाळलं की त्याचा परिणाम संपला. पानावर उरलेला साबण नंतर येणाऱ्या किड्याला मारत नाही. म्हणजे ज्या किड्याला थेंब लागला नाही तो वाचला. म्हणूनच साबण जास्त घालून काही साधत नाही, उलट पानं करपतात. सगळं यश फवारा कुठे पोहोचला यावर अवलंबून आहे, आणि मिलीबग नेमका तिथे बसतो जिथे फवारा सहज पोहोचत नाही.

कोणावर चालतं, कोणावर नाही

मऊ अंगाच्या, रस शोषणाऱ्या किडींवर साबण चालतो. गुलाबाच्या कळ्यांवरचा हिरवा मावा सगळ्यात सोपा, बहुधा पहिल्याच फवाऱ्यात आटोपतो. पांढऱ्या माशीची मोठी माशी झाड हलवलं की उडून जाते, पण पानाखाली चिकटून बसलेली पिल्लं सापडतात. उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ते लाल कोळी, त्यांच्यावरही उपयोग होतो. खवले कीड मात्र ढालीखाली लपलेली असते. तिची नुकती निघालेली रांगती पिल्लं मरतात, मोठी मरत नाहीत. ती जुन्या टूथब्रशने खरवडूनच काढावी लागते.

अळ्या आणि भुंगेरे साबणाला दाद देत नाहीत. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर फवारा बाजूला ठेवा. ती फुलपाखराची अळी आहे. लिंबावर दिसली तर कदाचित राणी पाकोळीचीही असेल, जिला २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला. झाड मोठं असेल तर चार पानं तिला खाऊ द्यावीत असं मला मनापासून वाटतं. झाड लहान असेल तर अळी हाताने उचलून दुसऱ्या लिंबावर सोडा.

साबण कोणता घ्यायचा

सगळ्यात चांगला म्हणजे पोटॅशियमचा मऊ साबण. तेल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून तो बनतो, पाण्यात पटकन विरघळतो आणि पानांना सोसवतो. बागेच्या दुकानात, ऑनलाइनही तो द्रवरूपात मिळतो. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असेल तेच पाळा, कारण प्रत्येकाचा दाटपणा वेगळा असतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नीम सोप आणि करंज तेलाचा पोंगामिया सोप विकसित केला आहे. काही कृषी विज्ञान केंद्रांमध्येही ते मिळतात. मिळाले तर जरूर घ्या, नीम सोपमध्ये साबण आणि कडुनिंब दोन्हींचा गुण आहे.

हे मिळालं नाही तर अंगाचा साधा साबण किसून वापरता येतो. वेष्टनावर टीएफएम म्हणजे स्निग्ध द्रव्याचं प्रमाण छापलेलं असतं. ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो ग्रेड १ चा साबण. असाच घ्या, आणि शक्य तितका कमी रंगाचा, कमी वासाचा. खोबरेल तेलाचा घरगुती साबण उत्तम. ज्यावर साबणाऐवजी ‘बाथिंग बार’ लिहिलेलं असतं ती वडी टाळा. जंतुनाशक साबणही टाळा.

भांडी घासायचं लिक्विड हा शेवटचा पर्याय. ते खरं तर डिटर्जंट आहे. किडे मरतात, पण पानावरचं नैसर्गिक मेणही निघून जातं, आणि वारंवार मारलं की पानाच्या कडा तपकिरी होतात. घरात दुसरं काहीच नसेल तर एका लिटरला २ ते ३ मिली, त्याच्या वर नको. कपडे धुण्याची पावडर मात्र कधीच नको. तिच्यात सोडा असतो, पानांना चमक देणारी नव्हे तर कापडाला चमक देणारी रसायनं असतात, आणि कुंडीतल्या मातीतही ते सगळं साठतं.

रिठा आपल्याकडचा जुना आणि भरवशाचा. त्यातलं सॅपोनिन फेस करतं आणि द्रावण पानावर पसरवतं. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी दहा मिनिटं उकळून, कुस्करून, जुन्या सुती कापडातून दोनदा गाळायचं. या अर्कात चारपट पाणी घालून फवारायचं. मारक ताकद साबणापेक्षा थोडी कमी, पण मावा आणि कोवळी पिल्लं यांच्यासाठी पुरते, आणि कढीपत्त्यासारख्या रोज तोडायच्या झाडावर मी तरी रिठाच सुचवेन. डोळ्यांत जाऊ देऊ नका, भयंकर चुरचुरतं. गच्चीवर कमळाच्या टबात गप्पी मासे असतील तर तो टब आधी झाका. रिठ्याचं आणि साबणाचं, दोन्ही पाणी माशांना घातक आहे.

साबणात व्हिनेगर, मीठ, खाण्याचा सोडा, तंबाखू असं काहीबाही घालायच्या कृती सर्रास फिरत असतात. व्हिनेगरने साबण फाटतो आणि निकामी होतो. मीठ आणि सोडा पानं जाळतात. तंबाखूतलं निकोटीन माणसाला आणि मधमाश्यांनाही विषारी आहे, ते पुजेच्या फुलांवर आणि फोडणीच्या पानांवर मारायची काहीच गरज नाही.

पाण्याची परीक्षा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ‘साबणाने काही होत नाही’ म्हणतात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जोडलं जाऊन साका तयार होतो. किड्याला मारायला साबण उरतच नाही, वर नोझल तुंबतं आणि पानांवर पांढरा थर बसतो.

पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, चिमूटभर साबणाचा कीस टाका, पाच मिनिटांनी दहा-पंधरा वेळा जोरात हलवा. वर दाट फेस टिकला आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं तर ते पाणी चालेल. फेस लगेच बसला, पाणी गढूळ झालं आणि वर दह्यासारखे कण तरंगू लागले तर ते जड आहे. धरणातून येणारं नळाचं पाणी बहुतेक वेळा या परीक्षेत उतरतं. बोअरवेलचं आणि टँकरचं बहुधा नापास होतं.

जड पाणी असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा किंवा एसीच्या नळीतून गळणारं पाणी बादलीत धरा, ते अगदी मऊ असतं. पिण्याचं आरओचं पाणीही चालेल, पण त्याच यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मुळीच नको, सगळे क्षार त्यातच असतात. दोन लिटर द्रावणासाठी पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ ओतून घेतलं तरी बराच फरक पडतो.

द्रावण

एका लिटरला ५ ग्रॅम साबणाचा कीस. बारीक किसणीने किसलेला, सपाट भरलेला एक मोठा चमचा साधारण एवढाच भरतो, तरी पहिल्या वेळी काट्यावर तोलून खात्री करा. कपभर गरम पाण्यात कीस टाकून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, मग उरलेलं गार पाणी हळूहळू घाला, म्हणजे फेस कमी होतो. कापडातून गाळा. न विरघळलेला एक कणही नोझल बंद पाडायला पुरतो. मिलीबग फार माजला असेल तर पुढच्या वेळी ५ ऐवजी १० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण झाडाने आधीचं सोसलं असेल तरच.

निमतेल घालायचं असेल तर लिटरला ५ मिली. ते आधी विरघळलेल्या साबणात घालून दुधासारखं एकजीव होईपर्यंत ढवळा, पाणी त्यानंतर. पाण्यावर तेल तरंगत असेल तर तसं फवारू नका, जिथे तेलाचा थेंब पडेल तिथे पान भाजेल. कुठलंही द्रावण लागेल तेवढंच करा आणि त्याच दिवशी संपवा.

फवारणीच्या आधीचं काम

आदल्या दिवशी झाडाला पोटभर पाणी द्या. तहानलेलं झाड साबण सोसत नाही.

फार भरलेले शेंडे कात्रीने कापा आणि कापल्या कापल्या थेट पिशवीत टाका. जमिनीवर पडलेल्या फांदीवरून पिल्लं रांगत शेजारच्या कुंडीत जातात. पिशवीचं तोंड बांधून ती कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको. कात्री साबणाच्या पाण्यात बुडवून पुसा.

मग नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा. नळीच्या टोकाला अंगठा लावून, दुसऱ्या हाताने फांदी मागून धरून, बेचक्यांवर आणि पानांच्या खाली मारा. निम्मी कीड इथेच धुऊन जाते, आणि मिलीबगवरचा मेणाचा कापूस फाटल्यामुळे नंतरचा साबण त्याच्या अंगापर्यंत पोहोचतो. माव्यासाठी तर कित्येकदा एवढंच पुरतं.

मुंग्यांचा बंदोबस्त हवाच. चिकट्यासाठी मुंग्या मिलीबगची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्या तशाच ठेवून केलेली फवारणी आठवड्यात वाया जाते. कुंडी भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकत असेल तर वेगळी करा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, दुधाच्या भांड्याखाली परातीत पाणी ठेवतो तसं. त्या वाट्यांत उरलेलं साबणाचं द्रावण घाला, म्हणजे डासही होणार नाहीत. जमिनीतल्या झुडपाच्या बुंध्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा पट्टा द्या. ग्रीस थेट सालीला लावू नका.

आणि चाचणी. एका फांदीची तीन-चार पानं, एक कळी धरून, भिजवा आणि पूर्ण दोन दिवस थांबा. डाग, करपलेल्या कडा, मलूलपणा दिसला नाही तरच पुढे जा. फर्न, जेडसारखी मांसल पानांची झाडं, युफोर्बिया, पॉइन्सेटिया, अनंत यांना साबण सहसा मानवत नाही. तिथे कापसाच्या बोळ्याने एकेक किडा टिपणं बरं.

प्रत्यक्ष फवारणी

वेळ महत्त्वाची. पारा ३२ अंशांच्या वर असताना किंवा झाड उन्हात असताना फवारू नका. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून ऊन पूर्ण उतरल्यावरच हे काम करावं. मुंबई-कोकणात संध्याकाळची हवा दमट, पानं रात्रभर ओली राहिली तर खरीच बुरशी यायची, म्हणून तिथे उजाडताच. पावसाची शक्यता असेल तर थांबा. वारा असेल तरी थांबा.

उमललेली फुलं आधी तोडून घ्या. देवाला तीच वाहता येतात, आणि फुलावर बसलेल्या मधमाशीवर साबणाचं पाणी पडलं तर तीही मरते. कुंडीतली माती वर्तमानपत्राने झाका.

दोन लिटरचा हातपंप घ्या. तणनाशकासाठी वापरलेला पंप कितीही धुतला तरी नको. नोझल बारीक तुषारावर ठेवा आणि खालून वर जा. म्हणजे पंप पानांच्या पातळीखाली, तोंड आकाशाकडे. पहिल्यांदा सगळ्या पानांची खालची बाजू, मग फांद्यांची बेचकी, मग शेंडे, आणि शेवटी वरची बाजू. जास्वंदीच्या कळीला खाली जे हिरव्या बारीक पट्ट्यांचं कडं असतं ना, त्या कड्याच्या आणि कळीच्या मधल्या फटीत मिलीबग हमखास दडतो. तिथे नोझल अगदी जवळ नेऊन दोन दाब द्या. बुंध्याच्या सालीच्या भेगा आणि कुंडीच्या काठाची आतली बाजूही सोडू नका. थेंब पानाच्या टोकावरून ओघळू लागला की तेवढं बस.

घाई करू नका. छातीएवढ्या जास्वंदीला दीड-दोन लिटर द्रावण आणि चांगला वीसेक मिनिटांचा वेळ लागतो. पाच मिनिटांत उरकलं असेल तर खालची बाजू राहिलीच असं समजा.

दोन-तीन तासांनी झाड साध्या पाण्याने धुऊन टाका. साबणाचं काम ओला असेपर्यंतच होतं, वाळलेला थर ठेवून फक्त पानांचं नुकसान. कढीपत्ता किंवा मिरची असेल तर तोडल्यावर स्वयंपाकाआधी पुन्हा धुवा.

पुन्हा कधी, आणि मेला हे कसं ओळखायचं

मेलेल्या माव्याचा रंग तपकिरी-काळा होतो आणि तो आक्रसतो. मिलीबगचं कळत नाही, कारण कापूस तसाच चिकटून राहतो. दुसऱ्या दिवशी चार-पाच ठिकाणी काडीने उचलून पाहा. वाळून कोरडा झाला असेल तर मेला. ओलसर असेल, पाय हलत असतील तर तिथे फवारा पोहोचला नव्हता.

कापसाच्या अंडपिशवीतली अंडी साबणाने मरत नाहीत. त्यांतून निघणाऱ्या पिल्लांच्या अंगावर सुरुवातीला मेण जवळजवळ नसतं, तेव्हाच ती गाठायची. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी, असे तीन ते चार फवारे. दुसऱ्या फवाऱ्यानंतर झाड स्वच्छ दिसतं आणि लोक थांबतात. तिथेच महिन्याभराने सगळं परत येतं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) किंवा गंधकाची फवारणी केली असेल तर दोन आठवडे साबण मारू नका, आणि त्यांच्यात मिसळू तर नकाच.

फवारायच्या आधी दर वेळी एक गोष्ट नीट पाहा. मिलीबगच्या गर्दीत एखादा मोठा, लांब पांढरे झुपके असलेला, भराभर चालणारा ‘मिलीबग’ दिसला तर तो मिलीबग नाही. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे, मिलीबग खाऊन जगणारी. हा किडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला, तोही कॉफीवरच्या खवले किडीसाठी, आणि आज बागांतला तो फार मोठा मदतनीस आहे. मोठा झाला की डोकं नारिंगी, पाठ काळी. अशा अळ्या दिसल्या तर त्या फांदीला साबण लावू नका. अळी मऊ कागदावर घेऊन किडीने भरलेल्या दुसऱ्या झाडावर सोडली तरी चालेल. चारही फवारे डोळे मिटून मारण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

खताकडेही लक्ष द्या. युरिया किंवा जास्त नत्राचं खत दिलेल्या झाडाला लुसलुशीत फूट येते आणि मावा-मिलीबगला तीच हवी असते. उपचार चालू असताना नत्र बंद ठेवा.

चार फवाऱ्यांनंतरही येत असेल तर

कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी पूड दिसली तर मिलीबग मातीत आहे, वरून कितीही फवारलं तरी तो संपणार नाही. माती झाडून टाका, मुळं वाहत्या पाण्यात धुवा, कुजलेली छाटा. कुंडी गरम पाण्याने आणि साबणाने घासून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, तोवर झाड सावलीत, ओल्या गोणपाटात. मग नवी माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत घालून पुन्हा लावा, वरच्या फांद्या निम्म्याने छाटा आणि दोन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. काढलेली माती दुसऱ्या कुंडीत वापरायची असेल तर काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून, वरून पारदर्शक प्लॅस्टिक झाकून, मे महिन्याचं ऊन तिला तीन-चार आठवडे खाऊ द्या.